तांत्रिक लेखन विभाग सांभाळताना: लाल शाई कोणाच्या हातात असावी?

पानपूरक (धागाकर्ता)

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात पॅकेजिंगची यंत्रे बनवणाऱ्या एका कंपनीत मी दस्तऐवजीकरण विभाग सांभाळतो. माझ्याव्यतिरिक्त विभागात सहा जण आहेत: चार लेखक, त्रिमितीय मॉडेलवरून सुट्या भागांची चित्रे काढणारा एक ड्राफ्ट्समन आणि बाहेरच्या संस्थांकडून भाषांतरे करून घेणारी एक सहकारी. आमची बरीच यंत्रे युरोपात जातात. तेथील २००६/४२/ईसी या मशिनरी डायरेक्टिव्हनुसार, यंत्र ज्या देशात वापरले जाणार त्या देशाच्या अधिकृत भाषेतील सूचनापुस्तिका यंत्रासोबत द्यावीच लागते, आणि मूळ पुस्तिका कोणती व भाषांतर कोणते हेही तिच्यावर छापावे लागते. थोडक्यात, आमचे मॅन्युअल ही यंत्राबरोबर दिलेली शोभेची वस्तू नसून यंत्राचाच एक सुटा भाग आहे.

अडचण अशी की गेली दोन वर्षे प्रत्येक मसुदा माझ्या टेबलावर येतो, मी तो लाल शाईने भरून परत देतो, लेखक त्या दुरुस्त्या मुकाट्याने उतरवून घेतात आणि पुढच्या मॅन्युअलमध्ये त्याच चुका पुन्हा येतात. घट्ट करण्याच्या एकाच क्रियेसाठी एक जण ‘टाइटन’ लिहितो, दुसरा ‘फास्टन’ आणि तिसरा ‘सिक्युअर’. हे मी किती वेळा खोडले असेल याची गणती नाही. आता तर लेखक मसुदा अर्धवट सोडून देतात, कारण ‘सर कसेही बदलणारच आहेत’ अशी त्यांची खात्री झाली आहे.

हा धागा काढण्याचे निमित्त मात्र वेगळे आहे. एका यंत्राच्या पुस्तिकेत सेन्सर आणि कॅम (फिरणारा उंचवट्याचा भाग) यांच्यातील फट फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) तपासण्याची पायरी गार्ड, म्हणजे संरक्षक आवरण, बसवण्याच्या पायरीनंतर आली होती. गार्ड बसल्यावर तिथे गेज जातच नाही. ही गोष्ट यंत्र ग्राहकाकडे उभे करताना सर्व्हिस इंजिनिअरच्या लक्षात आली. त्या पानावर चार जणांच्या सह्या होत्या. माझीही होती, आणि मी त्या पानावर केलेल्या दुरुस्त्या काढून पाहिल्या तेव्हा तीन स्वल्पविराम आणि एक ‘द’ सापडला.

जाणकारांना तीन गोष्टी विचाराव्याशा वाटतात. दुरुस्तीचे काम एका माणसाकडून विभागाकडे कसे न्यावे? डिझाइनमधील अभियंते न वाचताच सही करतात, त्यावर काय उपाय आहे? आणि ‘रोज किती पाने होतात’ एवढेच विचारणाऱ्या व्यवस्थापनाला कोणता आकडा द्यावा?

स्पॅनर

मी बरीच वर्षे विमानांच्या देखभालीची मॅन्युअले लिहिली, म्हणून पहिल्या प्रश्नावर थोडे विस्ताराने लिहितो. तुमचा ‘टाइटन-फास्टन-सिक्युअर’चा त्रास विमान कंपन्यांनी १९७० च्या दशकातच अनुभवला होता. मॅन्युअले इंग्रजीत असत आणि ती वाचणाऱ्या बहुतेक मेकॅनिकांची मातृभाषा इंग्रजी नसे. त्या दशकाच्या शेवटी युरोपीय विमान कंपन्यांच्या संघटनेने विमान उत्पादकांच्या संघटनेला यात लक्ष घालण्याची विनंती केली. त्यातून १९८६ च्या सुमारास सोप्या इंग्रजीची मार्गदर्शिका आली आणि पुढे २००५ मध्ये तिला एएसडी-एसटीई१०० या मानकाचे रूप मिळाले.

त्या मानकाचे दोन भाग आहेत: लेखनाचे नियम आणि सुमारे नऊशे मान्य शब्दांचा कोश. कोशात साधारणपणे एका शब्दाला एकच अर्थ आणि एकच व्याकरणिक भूमिका असते. ‘क्लोज’ म्हणजे बंद करणे. जवळ या अर्थाने तो चालत नाही, तिथे ‘निअर’ लिहावे लागते. ‘फॉलो’ म्हणजे मागून येणे. सूचना पाळण्यासाठी ‘ओबे’. ‘ऑइल’ हे फक्त नाम आहे, त्यामुळे बेअरिंगला ‘ऑइल’ करता येत नाही, त्यावर तेल घालावे लागते. कृती सांगणारे वाक्य वीस शब्दांपर्यंत, वर्णनाचे पंचवीसपर्यंत आणि परिच्छेद सहा वाक्यांपर्यंत असावा. एका वाक्यात एकच सूचना असावी. दोन क्रिया एकाच वेळी करायच्या असतील तरच त्या एकत्र लिहाव्यात.

याचा व्यवस्थापनाशी संबंध असा की, लेखक आणि संपादक यांच्यातील ‘मला असे बरे वाटते’ हा वाद त्या दिवशी संपतो. मी खोडत नाही, नियम खोडतो. ज्येष्ठ लेखकाचेही वाक्य त्याच नियमाने खोडले जाते, आणि मनाला लागत नाही म्हणून ते लक्षात राहते. मात्र संपूर्ण मानक एकदम लागू करू नका. तुमच्या यंत्रांसाठी क्रियापदांची एक यादी करा, साठ-सत्तर पुरतात, आणि ती विभागाने एकत्र बसून ठरवू द्या. तुम्ही एकट्याने ठरवलीत तर ती तुमची लाल शाईच, फक्त छापील.

आणि एक कबुली. तुमची सेन्सरची चूक या नियमांपैकी एकानेही पकडली नसती. चुकीच्या जागी असलेली पायरीसुद्धा अतिशय सुबक सोप्या इंग्रजीत लिहिता येते.

अधोरेखित

हिंजवडीत सॉफ्टवेअरच्या दस्तऐवजांचे काम पाहतो. आमचे सगळे लेखन मार्कडाउन या साध्या मजकूर-स्वरूपात, कोडच्याच शेजारी गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रणालीत असते. लेखक पुल रिक्वेस्ट (बदल सामील करून घेण्याची विनंती) टाकतो, दुसरा लेखक ती तपासतो आणि मंजूर झाल्याशिवाय मजकूर पुढे जात नाही.

आमच्या बाबतीत मोठा फरक पडला तो तपासणीचे तुकडे केल्याने. पूर्वी ‘रिव्ह्यू’ या एका शब्दात सगळे कोंबलेले होते, त्यामुळे प्रत्येक जण डोळ्यांना जे सहज दिसते ते, म्हणजे स्वल्पविराम, दुरुस्त करून मोकळा होत असे. आता मजकूर खरा आहे का हे अभियंता पाहतो, तो आमच्या नियमांत बसतो का हे आधी यंत्र आणि मग सहलेखक पाहतो, आणि त्यानुसार काम करता येते का हे तिसराच, शक्यतो प्रकल्पाबाहेरचा माणूस पाहतो. प्रत्येकाला त्याचाच प्रश्न विचारला जातो आणि दुसऱ्याच्या प्रांतात शिरण्याची मुभा नसते. पानपूरक, तुमच्या त्या पानावर चार सह्या होत्या, पण तिसरा प्रश्न विचारणारा त्यांत कोणी होता का?

नियमांच्या यांत्रिक तपासणीसाठी आम्ही व्हेल हे मुक्त स्रोत साधन वापरतो. नको असलेला शब्द दिसला की ते ओळ दाखवते आणि पर्याय सुचवते. एक सावधगिरी मात्र बाळगा. आम्ही उत्साहाच्या भरात तयार नियमसंच जसाच्या तसा चालू केला आणि पहिल्याच दिवशी इतक्या इशाऱ्यांचा पाऊस पडला की सगळ्यांनी ते वाचणेच सोडून दिले. नंतर आठ नियमांपासून पुन्हा सुरुवात केली. नवा नियम घालायचा तर त्याची गरज एखाद्या प्रत्यक्ष चुकीवरून दाखवावी लागते.

शिवाय एक ‘निर्णयवही’ ठेवा. कोणता शब्द का निवडला, कोणता का टाकला, दोन ओळींत आणि तारखेसह. नव्या लेखकाला पन्नास पानांच्या स्टाईल गाइडपेक्षा या वहीचा उपयोग अधिक होतो, कारण तिच्यात भांडणे दिसतात.

मुद्रितशोधक

येथे लाल शाईची जी बदनामी चालली आहे ती मला मान्य नाही. मी छापखान्यात प्रुफे तपासत लिहायला शिकलो, आणि जे शिकलो ते एका कडक संपादकाच्या दुरुस्त्यांमुळे. दोष शाईचा नाही, ती लेखकाच्या पाठीमागे वापरली जाते याचा आहे. आठवड्यातून एकदा अर्धा तास लेखकाला शेजारी बसवा आणि फक्त एक पान घ्या. पेन त्याच्या हातात द्या आणि तुम्ही प्रश्न विचारा. ‘हे कोणी करायचे?’ ‘आधी वीज बंद केली का?’ उत्तर देता देता तो स्वतःच खोडतो. उरलेल्या एकोणचाळीस पानांना हात लावू नका, ती त्याची आहेत.

पानपूरक (धागाकर्ता)

मुद्रितशोधक, ‘उरलेल्या पानांना हात लावू नका’ हे वाचून पोटात गोळा आला, हे प्रामाणिकपणे सांगतो. उद्या त्या पानांवर चूक निघाली तर उत्तर मलाच द्यावे लागेल. अधोरेखित, तुमच्या प्रश्नाचे उत्तर ‘नव्हता’ असे आहे.

दुसरी पाळी

मी पलीकडच्या बाजूचा, म्हणजे न वाचता सही करणारा डिझाइन इंजिनिअर आहे. आमच्यावरचा आरोप खरा आहे, पण एकदा आमच्या खुर्चीतूनही पाहावे. शुक्रवारी संध्याकाळी एकशेचाळीस पानांची पीडीएफ येते आणि वर लिहिलेले असते, ‘कृपया तपासून सोमवारपर्यंत कळवावे’. काय तपासावे? व्याकरण मला तुमच्याइतके येत नाही. टॉर्कची (बोल्ट किती जोराने आवळावा याची) मूल्ये बरोबर आहेत का, हे मी दहा मिनिटांत सांगू शकतो, पण ती पाने २३, ४१, ५८ आणि ९७ वर विखुरलेली असतात.

आमच्याकडच्या एका लेखिकेने ही पद्धत बदलली. ती पीडीएफ पाठवतच नाही. सगळी टॉर्क मूल्ये, सगळ्या फटी, सगळे दाब आणि तापमाने एका तक्त्यात काढते आणि प्रत्येक ओळीपुढे ‘बरोबर / चूक / बदलणार आहे’ असे तीन रकाने ठेवते. त्यासोबत नेमके प्रश्न असतात: ‘सीलिंगचा (पाकीट उष्णतेने बंद करणारा) जबडा गरम असताना काढता येतो का? किती वेळ थांबावे?’ तो तक्ता मी चहाच्या सुट्टीत भरतो. सही करताना मात्र हात थबकतो, कारण आता मी नेमक्या कोणत्या आकड्याखाली सही करतो आहे हे मला दिसते. दुसरे म्हणजे, तिने आमच्या डिझाइन रिव्ह्यूला बसण्याचा हट्ट धरला. बोलत नाही, ऐकते. ड्रॉइंगवर न येणारी निम्मी माहिती तिथे तोंडी सांगितली जाते.

सीमोल्लंघन

श्टुटगार्टजवळ एका यंत्रनिर्मात्याकडे भाषांतरांचे समन्वयन करते. इंग्रजीतला एक अनावश्यक पर्यायी शब्द इथे किती महाग पडतो, ते सांगण्यासाठी लिहिते. भाषांतराची साधने जुनी वाक्ये स्मृतीत साठवून ठेवतात. नवे वाक्य जुन्याशी तंतोतंत जुळले तर त्याला जवळजवळ काही खर्च येत नाही, थोडे बदलले असेल तर काही प्रमाणात येतो आणि नवे असेल तर पूर्ण दर द्यावा लागतो. तुमचा लेखक जेव्हा ‘टाइटन’च्या जागी चवीपुरते ‘सिक्युअर’ लिहितो तेव्हा ते वाक्य जर्मन, फ्रेंच, पोलिश, इटालियन अशा प्रत्येक भाषेत पुन्हा पैसे घेते. शिवाय ‘सिक्युअर’चा अर्थ घट्ट करणे, अडकवून ठेवणे की सुरक्षित करणे, हे चार भाषांतरकार चार प्रकारे ठरवतात, आणि त्यांतला चुकीचा अर्थ कोणता हे तुमच्या कार्यालयात कोणालाच वाचता येत नाही.

व्यवस्थापनाला आकडा हवा असेल तर हाच द्यावा. प्रत्येक नव्या मॅन्युअलमध्ये किती टक्के वाक्ये स्मृतीशी जुळली, हे भाषांतर संस्थेच्या हिशेबात आयतेच मिळते. लेखन सुधारले की तो आकडा वाढतो आणि बिल कमी होते. वित्त विभागाला हे लगेच समजते.

जाता जाता: २० जानेवारी २०२७ पासून डायरेक्टिव्हच्या जागी २०२३/१२३० हे नवे युरोपीय नियमन लागू होत आहे. त्यात सूचनापुस्तिका डिजिटल स्वरूपात देण्याची मुभा आहे, पण ग्राहकाने खरेदीच्या वेळी मागितल्यास छापील प्रत विनामूल्य द्यावी लागेल आणि ऑनलाइन प्रत किमान दहा वर्षे उपलब्ध ठेवावी लागेल. दहा वर्षे टिकेल असा दुवा आणि आवृत्त्यांची नोंद कोण सांभाळणार, हे आत्ताच ठरवून ठेवा. ते काम शेवटी लेखन विभागाच्याच गळ्यात पडते.

भोसरीकर

वरील चर्चा इंग्रजी मॅन्युअलांची आहे, पण आमच्या कारखान्यात यंत्राशेजारी लावायच्या कार्यसूचना मी मराठीत लिहितो, आणि तिथे एक निराळाच रोग आढळतो. शाळेत आणि सरकारी पत्रांत आपण ‘तपासणी करण्यात यावी’, ‘दक्षता घेण्यात यावी’ अशी वाक्ये वाचत मोठे होतो. औपचारिक लिहायचे म्हटले की हात आपोआप तिकडेच वळतो. या वाक्यात कोणी करायचे हे कुठेही नाही. ऑपरेटर समजतो की हे मेंटेनन्सने करायचे, मेंटेनन्सवाला समजतो की ऑपरेटरने केले असेल. माझा असा कयास आहे की आपल्या लेखकांच्या इंग्रजीतही जे ‘शुड बी चेक्ड’ सतत येते त्याचे मूळ ‘करण्यात यावे’मध्येच आहे.

आम्ही सरळ आज्ञार्थ वापरायला सुरुवात केली: ‘मुख्य स्विच बंद करा. कुलूप लावा. किल्ली स्वतःजवळ ठेवा.’ एका वरिष्ठांना ते उद्धट वाटले. त्यांना मी यंत्राजवळ नेऊन जुनी आणि नवी अशी दोन्ही पत्रके एका नव्या ऑपरेटरकडून मोठ्याने वाचून घेतली. जुन्या पत्रकावर तो ‘अभिस्नेहन’ या शब्दापाशी अडखळला, थांबला आणि माझ्याकडे पाहू लागला. ‘ग्रीस लावा’ म्हटल्यावर त्याने ग्रीसगन उचलली. पुढे चर्चेची गरज पडली नाही.

स्पॅनर

भोसरीकरांनी जे केले तेच पानपूरकांच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे, असे मला वाटते. १९८० च्या दशकात आयबीएमच्या संशोधन केंद्रात जॉन कॅरोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवशिक्यांना संगणक आणि मॅन्युअल देऊन नुसते निरीक्षण केले. लोक पुस्तिका क्रमाने वाचत नाहीत, थेट कामाला हात घालतात, चुकतात आणि चूक कशी निस्तरावी हे शोधायला मग पान उलटतात, असे त्यांना दिसले. त्यातूनच त्यांनी प्रस्तावना आणि वर्णने कापून, कृती आणि चुकीतून बाहेर पडण्याचा मार्ग यांवर भर देणारी ‘मिनिमलिझम’ची पद्धत मांडली. ज्या विभागाला रोजच्या पानांवर मोजले जाते, त्याला ही पद्धत परवडत नाही, कारण चांगले काम केले की पाने कमी होतात.

म्हणून पाने मोजणे सोडा. सर्व्हिस विभागाला आलेले फोन घ्या आणि दर महिन्याला पाहा की त्यांपैकी किती प्रश्नांचे उत्तर मॅन्युअलमध्ये नव्हते, कितींचे होते पण सापडले नाही आणि कितींचे चुकीचे होते. तिसरा ढीग लहान असला तरी तो आधी उचला.

अधोरेखित

थोडे विषयांतर, पण प्रशिक्षणाचा मुद्दा कोणीतरी काढेलच म्हणून लिहितो. अमेरिकेतील सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन ही सात दशकांची जुनी संस्था जानेवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीमुळे बंद झाली. त्यामुळे आता लेखकांना शिकण्यासाठी कुठे पाठवावे, हा प्रश्न खराच आहे. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या लेखनशैलीच्या मार्गदर्शिका ऑनलाइन विनामूल्य वाचता येतात, आणि २०१३ पासून ‘राइट द डॉक्स’ या समुदायाची संमेलने होत आली आहेत. पण यंत्रांवर लिहिणाऱ्याला सर्व्हिस इंजिनिअरबरोबर दोन दिवस पाठवणे यापेक्षा अधिक उपयोगी पडेल, असे माझे मत आहे.

टंकनदोष

हल्ली चॅटबॉटकडून मसुदा करून घेता येतो, मग चार लेखक कशाला, असे आमच्या व्यवस्थापकांनी विचारले होते. भाषेच्या दृष्टीने मसुदा खरोखर स्वच्छ येतो, हे मान्य करावे लागेल. पण गार्ड बसल्यावर गेज आत जात नाही, हे कोणत्याही ड्रॉइंगवर लिहिलेले नसते, म्हणून ते त्यालाही ठाऊक नसते. स्वच्छ भाषेमुळे तपासणारा अधिक बेसावध होतो, ही भीती वेगळीच.

पानपूरक (धागाकर्ता)

सहा आठवड्यांनी परत लिहितो आहे. सगळेच जमले असे नाही, जे झाले ते सांगतो.

क्रियापदांची यादी करायला तीन बैठका लागल्या. पहिल्या बैठकीत कोणी बोलले नाही. दुसऱ्या बैठकीत मी उशिरा पोहोचलो तर आत जोरदार वाद चालू होता, म्हणून बाहेरच चहा घेत थांबलो. यादी त्रेपन्न क्रियापदांवर थांबली. त्यांत ‘टाइटन’ राहिले आणि मला आवडणारे ‘एन्शुअर’ गेले. त्याच्या जागी ‘मेक शुअर’ आले. निर्णयवहीत त्याचे कारणही लिहिलेले आहे आणि ते मला पटत नाही, तरी मी ते पाळतो.

डिझाइन विभागाकडे आता तक्ता जातो. पहिल्याच तक्त्यात ‘बदलणार आहे’ या रकान्यात सात खुणा आल्या. म्हणजे सात मूल्ये पुढच्या महिन्यात बदलणार होती आणि आम्ही ती जुनीच छापणार होतो.

सीलिंगचा जबडा बदलण्याची कृती आम्ही यंत्रावर प्रत्यक्ष करून पाहिली. मेंटेनन्समधील एका शिकाऊ मुलाच्या हातात पुस्तिका दिली आणि लेखिकेला बोलण्यास मनाई केली. चौथ्या पायरीपाशी तो एका हाताने जबडा पेलत दुसऱ्या हाताने बोल्ट शोधू लागला आणि मग त्याला तिसरा हात हवा झाला. या कामाला दोन माणसे लागतात, हे पुस्तिकेत कुठेच नव्हते. आमच्या सर्वांना ते इतके माहीत होते की लिहायचे राहून गेले. लेखिकेने त्याच दुपारी ते पान स्वतः नव्याने लिहिले. पायऱ्या चौदावरून अकरावर आल्या आणि सुरुवातीला एक ओळ वाढली: ‘या कामासाठी दोन व्यक्ती आवश्यक आहेत.’ ते पान माझ्याकडे आले तेव्हा त्यात एक स्वल्पविराम कमी होता. मी तो घातला नाही. फार जड गेले.

जे जमले नाही तेही लिहितो. सर्वांत अनुभवी लेखकाने यादी स्वीकारलेली नाही. ‘वीस वर्षांनी मला क्रियापदे शिकवता?’ असे ते म्हणाले आणि त्यांच्या दुखावण्यात तथ्य आहे. मुद्रितशोधकांच्या सल्ल्याप्रमाणे शेजारी बसण्याचा अर्धा तास मी त्यांच्याबरोबर सुरू केला आहे, पण पेन त्यांच्या हातात आणि पान मी लिहिलेले असते. व्यवस्थापनाच्या मूल्यमापनाच्या अर्जात ‘दररोजची पाने’ हा रकाना अजून आहे. त्याच्याखाली मी भाषांतर स्मृतीच्या जुळणीचा आकडा हाताने लिहून पाठवला. वित्त विभागातून फोन आला की हा आकडा दर तिमाहीला मिळेल का.

दुसरी पाळी

त्या सात मूल्यांची सुधारित ड्रॉइंगे निघाली की नाहीत, हे एकदा विचारून घ्या. आमच्याकडे ‘बदलणार आहे’ म्हणजे कधी कधी वर्षभर असते. तक्त्यात ‘कधीपासून’ असा चौथा रकाना घाला.

पानपूरक (धागाकर्ता)

घातला. दोन मूल्यांपुढे अजून तारीख आलेली नाही.